नवव्या पानाची उजवी बाजू

२० जानेवारी १९७४

मालकांनी यंदा जुन्या माणसांना एकेक डायरी दिली. बाकीच्यांनी ती घरी जाऊन पोरांच्या हवाली केली. आमच्या घरात पोर नाही, त्यामुळं ती माझ्याच गळ्यात पडली. एकोणीस दिवस नुसता तिच्याकडं बघत बसलो. कोरं पान दिसलं की कुठून सुरू करायचं तेच कळत नाही. मला चौकोन लागतात.

काशम्माबाई म्हणाल्या, "गुरप्पाण्णा, डायरीला आधी आपली ओळख सांगायची असते." काशम्माबाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात, म्युनिसिपालटीच्या शाळेत शिकवतात, आणि त्यांचं ऐकावंच लागतं. तर सांगतो. मी गुरप्पा. वय बेचाळीस. चादरीच्या कारखान्यात नक्षी काढतो, बावीस वर्षं झाली. बारीक चौकोनांच्या कागदावर एकेक घर रंगवायचं. एक घर म्हणजे एक धागा. यातली गंमत बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. मी कधीच पुरा मोर काढत नाही. मधल्या रेघेपर्यंत काढतो आणि सोडून देतो. पलीकडचा अर्धा माग आपला आपण उलटा करून विणतो. अर्धा मोर, अर्धं कमळ, अर्धं देऊळ. बावीस वर्षांत एक गोष्ट म्हणून मी पुरी काढलेली नाही, आणि लोक माझ्या चादरी पांघरून खुशाल झोपतात.

रविवारी मठाच्या ओसरीवर गल्लीतली पोरं जमवतो. कारखान्यात वाया गेलेले कागद असतात, त्यांची मागची बाजू कोरी. पोरं कोळशानं, खडूनं वाट्टेल ते काढतात. कुणी घरात तेलुगु बोलतं, कुणी कानडी, मोमीनांची दखनी. चित्र काढताना सगळी गप्प असतात म्हणून भांडण नाही. झालेली चित्रं दोरीवर वाळत घालतो. आज त्या दोरीखाली काशम्माबाई बराच वेळ उभ्या होत्या. जाताना म्हणाल्या, "तुमच्याशी काम आहे."

२२ जानेवारी

काम कळलं. बाईंनी मुलांसाठी गोष्ट लिहिली आहे. चिमी नावाच्या धनगराच्या पोरीची शेळी चुकून रेल्वेत चढते आणि जेऊरला उतरते, मग चिमी तिला शोधायला निघते. पुण्याच्या एका प्रकाशकांना गोष्ट पसंत पडली. चित्रं मात्र इथल्याच माणसानं काढायची, हा बाईंचा हट्ट. एकंदर बारा.

"आपल्या पोरांच्या हातात पुस्तक येतं, त्यात बंगला असतो, बाग असते," बाई म्हणाल्या. "एकदा तरी त्यांना पुस्तकात आपली शेळी दिसू दे की."

मी हो म्हणून बसलो. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, निघालं हो.

घरी महानंदाला सांगितलं. महानंदा माझी बायको. माहेर अक्कलकोटच्या खाली, शाळा कानडी तिसरीपर्यंत. दिवसभर जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून कौद्या, म्हणजे गोधड्या, शिवते. गल्लीत कुणाचं बाळंतपण आलं की आमच्याकडं कौदी सांगून जातात. सुईत दोरा ओवत तिनं विचारलं, "शेळी काळी का पांढरी?" मी एवढी मोठी बातमी सांगतोय, आणि हिला शेळीचा रंग पडलाय.

१० फेब्रुवारी

कामावरून आलो की खिडकीशी बसतो. चहूकडून मागांचा आवाज येत असतो. लहानपणापासून तो इतका कानात बसलाय की बंद पडला तरच ऐकू येतो. त्या आवाजात शेळी काढायला घेतली की ऊन कधी भिंतीवरून उतरतं कळत नाही. ही शेळी कुणाच्या अंगावर पांघरायची नाही. तिच्या अंगावरचे केस मोजायचे नाहीत. अशी मोकळीक बावीस वर्षांत मिळाली नव्हती, आणि मला ती आवडते आहे. कुणाला सांगितलं नाही, डायरीला सांगतो.

१८ फेब्रुवारी

बारा चित्रं टपालात टाकली. पोस्टातून बाहेर आलो तर नवी पेठेतली सगळी माणसं मला ओळखीची वाटत होती. उगीच दोघातिघांना नमस्कार केला.

९ मार्च

लाज वाटते लिहायला, पण लिहितो.

पुण्याचं पत्र आलं. "आपली चित्रं मिळाली. रेषा अतिशय सुबक आहे. मात्र प्रत्येक चित्राची उजवी बाजू टपालात गहाळ झालेली दिसते. कृपया शोध घ्यावा."

गहाळ कुठली व्हायला? मी काढलीच नव्हती. बाराच्या बारा चित्रं मधल्या रेघेपाशी थांबलेली. अर्धी शेळी, अर्धी चिमी, अर्धं इंजिन. कुणीतरी पलीकडं माग लावून बसलं आहे असं मी मनात म्हटलंसुद्धा नव्हतं. हात तिथपर्यंत गेला की चित्र झालं, एवढंच मला माहीत.

महानंदाला पत्र वाचून दाखवलं. ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की सुई हरवली. मी म्हणालो, "तू तर रोज बघत होतीस, बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, पुण्यात तशी पद्धत असंल."

३१ मार्च

पुन्हा बारा केली. या वेळी पुरी. अर्धं काढायचं, कागद मधे दुमडून खिडकीच्या काचेला लावायचा, आणि पलीकडं तसंच उमटवायचं. काटेकोर. केसाचा फरक नाही.

महानंदा एकेक चित्र हातात घेऊन बघत होती. जेऊर स्टेशनच्या चित्रापाशी थांबली. "दोन स्टेशनमास्तर कशाला?"

"अगं, एक डावीकडं, एक उजवीकडं."

"जेऊरला एकच असतोय. आणि बाकडं एका बाजूलाच हाय, लिंबाखाली."

"तू कधी गेलीस जेऊरला?"

"गेलते. लहान असताना."

मी दोऱ्यानं पाकीट बांधत होतो. गाठ नीट बसेना, म्हणून बोलणं तिथंच राहिलं.

२० एप्रिल

चित्रं परत. "हात कसलेला आहे, परंतु सर्व काही दोन्ही बाजूंना सारखंच आहे. वाचणारं मूल या चित्रात शिरणार कुठून? जूनअखेरपर्यंत आणखी एकदा प्रयत्न करून पाहावा. त्यानंतर आम्हाला दुसरा चित्रकार बघावा लागेल."

दुसरा चित्रकार म्हणजे पुण्याचा. म्हणजे पुन्हा बंगला आणि बाग, आणि चिमीच्या पायात बूट. जूनअखेर. आजपासून एकाहत्तर दिवस.

५ मे

रविवार. ओसरीची फरशी तापलेली, पोरं तरी आलीच. मोमीनांच्या धाकटीनं घर काढलं, आणि दार पार कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. मी विचारलं, "दार मधे का नाही काढलं?"

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "बीच में तो अम्मा बैठी है."

खरंच बसली होती. भिंतीच्या मधोमध, पाय पसरून, दाराला जागाच ठेवली नव्हती. मी दिवसभर त्या बाईचा विचार केला. बावीस वर्षं मी दार मधे ठेवतो आणि दोन्ही बाजूंना एकेक रखवालदार देतो. मधे कुणी बसलेलं असू शकतं, हे मला एकदाही सुचू नये.

२६ मे

रेल्वेचा संप आहे. गाड्या नाहीत, भोंगे नाहीत, स्टेशनाकडचा सगळा भाग झोपलेला. अशात मी रेल्वेत बसलेली शेळी काढतोय. ऊन इतकं की शाई दौतीतच सुकते.

जमतंय. पोरांची चित्रं समोर टांगून घेतली आहेत, हात मधल्या रेघेशी अडला की त्यांच्याकडं बघतो आणि पुढं ढकलतो. शेळी आता कोपऱ्यात गेली आहे. चिमीची एक वेणी सुटली आहे. अकरा झाली. एकच राहिलं, नववं: संध्याकाळी जेऊरच्या फलाटावर उतरलेली एकटी शेळी. डावीकडं शेळी काढली, चांगली काढली. मान वळवून ती उजवीकडं बघते आहे. कशाकडं बघते?

पहाटे स्वप्न पडलं. मी त्या चित्रात उभा होतो, पायांखाली फलाट होता, आणि मधल्या रेघेच्या पलीकडं पांढरं. धुकं नव्हे, नुसतं पांढरं. शेळी म्हणत होती, चला की. मी म्हणालो, तिकडं काढलेलं नाही. मग जाग आली.

९ जून

दोन आठवडे त्या नवव्या चित्रासमोर बसतोय. एक झाड काढलं, खोडलं. कागद नवा घेतला, शेळी पुन्हा काढली. उजवीकडं माणूस काढायला गेलो तर शेळीच्याच उंचीचा, शेळीसारखाच मान वळवून उभा. फाडून टाकला. पुन्हा नवा कागद.

आज ठरवलं, पुरे. बारा चित्रांचं गाठोडं करून ट्रंकेत ठेवलं. नववं तसंच, अर्धं. काशम्माबाईंना जाऊन सांगितलं, "बाई, पुण्याचाच माणूस बघू दे त्यांना." मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "चहा घेणार?" मी नको म्हणालो आणि घराकडं न जाता सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन बसलो. वाईट वाटतंय. पुस्तक गेलं म्हणून वाटतंच, पण मी एवढाच निघालो म्हणून जास्त वाटतंय.

१६ जून

महानंदानं कौदीसाठी जुनं कापड काढायचं म्हणून ट्रंक उपसली. घरभर तुकडे. जेवताना विचारते, "ती काळी शाई पुसली तर जाती काय?" मी म्हणालो, शाई जात नाही, म्हणून आधी पेन्सिल फिरवायची. "किती हलकी फिरवायची?" मी म्हणालो, माशी बसल्यासारखी. तिनं मान हलवली. हिला आता माझ्या कामात रस आलाय, मी सोडल्यावर.

२४ जून

माझी चांगली पेन्सिल निम्मी झाली आहे आणि टाकाचं नीब फाकलंय. दौतीतली शाईही खाली गेली आहे. रविवारची पोरं घरात येऊन हात लावत असणार. त्यांना दम द्यायला हवा. पण नकोच, लावू देत हात.

महानंदाच्या बोटाला काळं लागलं होतं. म्हणाली, तव्याची काजळी.

२७ जून

मेव्हणा शरणप्पा आला होता. नवी पेठेतल्या कापडवाल्याकडं कामाला आहे, मालाच्या गाठी घेऊन पुण्याला जातो. बहीणभाऊ कानडीत बराच वेळ कुजबुजत होते. मी गेलो तर गप्प. शरणप्पाच्या पिशवीत एक चपटं पुडकं होतं, महानंदानं कौदीच्या तुकड्यात शिवून दिलेलं. विचारलं तर म्हणाला, "पुण्याच्या एका बाईची कौदी हाय, भावजी." एवढी पातळ कौदी कुणाला पुरणार? पण बायकांच्या व्यवहारात मी पडत नाही.

१८ जुलै

काय लिहू कळत नाही. पुण्याचं पत्र आलंय. "तिसऱ्या खेपेची चित्रं पोचली. मनापासून अभिनंदन. छपाईसाठी ब्लॉक करायला देत आहोत."

ट्रंक उघडली. गाठोडं रिकामं. महानंदाला विचारलं, तर म्हणाली, "चांगल्या गोष्टीत खोदू नये." काशम्माबाईंनीच हिच्याकडून नेली असणार, दुसरं कोण नेणार? उपकार झाले. पण नववं? नववं अर्धंच गेलं की. आता ते अर्धंच छापतील, वर माझं नाव. मार्चात एका प्रकाशकापुढं लाज गेली, आता सगळ्या महाराष्ट्रापुढं जाईल. पत्र लिहायला बसलो, चार ओळींच्या पुढं गेलं नाही. म्हणावं तरी काय?

१२ ऑक्टोबर

पुस्तक आलं.

पहिल्यांदा नववं पान उघडलं. डोळे मिटूनच उघडलं म्हणा. आणि ते पुरं आहे.

डावीकडं माझी शेळी. उजवीकडं कडुलिंब, त्याखाली एकच बाकडं. बाकड्यावर एक म्हातारी गाठोड्यावर डोकं टेकून झोपलेली. एका पायात चप्पल. दुसरी चप्पल लांब, पार कागदाच्या कडेला, फलाटावर एकटीच पडलेली. शेळी त्या म्हातारीकडं बघते आहे. माझी शेळी दोन आठवडे तिच्याचकडं बघत होती, आणि मला ती दिसत नव्हती.

रेघ माझी नाही. तुटक आहे, बारीक बारीक तुकड्यांची, एक तुकडा, जरा जागा, पुढचा तुकडा. पुण्याचे ब्लॉकवाले असं काहीतरी नवं तंत्र वापरत असतील. जे कुणी केलंय, त्यानं मला न विचारता केलंय. राग यायला हवा. आलाही थोडा. पण मी त्या चपलेकडं बघत राहिलो. बावीस वर्षांत मी जोडीशिवाय कुठलीच वस्तू काढलेली नाही.

महानंदा भाकरी थापत होती. तिला पान दाखवलं. हातातलं पीठ न झटकता बघितलं आणि म्हणाली, "बरं छापलंय की."

२० ऑक्टोबर

मठाच्या ओसरीवर बाईंनी गोष्ट वाचली. पोरं एकमेकांच्या अंगावर चढून चित्रं बघत होती. "हे आमच्या घराजवळचंच हाय," असं प्रत्येक जण म्हणत होता. नवव्या पानावर मात्र सगळी थांबली. दुसरी चप्पल कुणी नेली? म्हातारी उठल्यावर काय करणार? शेळी तिला उठवणार का? बाईंना पुढं वाचूच देईनात. बाईंची प्रत आता घरोघर फिरणार, आज तेलुगु गल्लीत गेली आहे.

मी ओसरीच्या खांबाला टेकून बसलो होतो. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि आत काहीतरी टोचतही होतं. अकरा चित्रं माझी, आणि पोरं थांबली ती उरलेल्या एकावर.

२६ ऑक्टोबर

प्रकाशकांचं पत्र. दिवाळीनंतर मुलांच्या तीन पुस्तकांचा संच काढायचाय, आणि तो माझ्याकडं. मी वाचता वाचता उभा राहिलो. मग पुढची ओळ: "विशेषतः पान नऊच्या उजव्या बाजूस आपली रेषा ज्या रीतीने बदलली आहे, तीच रीत आम्हाला तिन्ही पुस्तकांत हवी आहे."

म्हणजे त्यांच्यापैकी कुणी केलेलं नाही, किंवा केलंय आणि त्यांना ठाऊक नाही. ब्लॉकच्या कारखान्यातला कुणीतरी गुणी माणूस असणार. त्यानं गुपचूप माझी लाज झाकली, आणि नाव माझं लागलं.

३ नोव्हेंबर

आठवडाभर ती रेघ काढायला बसतोय. तुटक रेघ म्हणजे काय मोठं, असं वाटलं होतं. माझे तुकडे सगळे एका मापाचे येतात, मधली जागा पट्टीनं मोजल्यासारखी. त्या हाताचे तसे नाहीत. म्हातारीच्या पाठीवर ते दाट होतात आणि चपलेशी जाईपर्यंत विरळ. ते शिकवून येणारं नव्हे.

गप्प बसलो तर तीन पुस्तकं माझी आहेत. पुण्याला कोण तपास करणार? चार दिवस हेच डोक्यात घोळतंय, लिहून ठेवतो म्हणजे नाकारता येणार नाही. मला ती पुस्तकं हवी आहेत. चादरीवरचं माझं नाव कुणाला माहीत नाही, पुस्तकावर ते छापून आलं तेव्हा मी त्यावर बोट फिरवलं. हे सगळं खरं कळवलं तर जाईल. आणि नाही कळवलं तर पुढच्या रविवारी त्या पोरांना मी काय तोंडानं म्हणू की दुसऱ्याचं बघून काढू नका?

८ नोव्हेंबर

पत्र लिहिलं. "पान नऊची डावी बाजू माझी आहे. उजवी बाजू माझी नाही. ती आपल्या ब्लॉकवाल्यांपैकी कोणाची असावी. त्यांचा शोध घेऊन पुढील काम त्यांना द्यावे, ही विनंती."

दुपारी महानंदा जमिनीवर कौदी पसरून शिवत होती. तिच्यासमोर बसलो, पुस्तकाचं नववं पान उघडून कौदीवर ठेवलं आणि पत्र वाचून दाखवलं.

"हे पाठवलं तर पुस्तकं जातील?"

"जातील."

"मग पाठवताय कशाला?"

"ज्याचं त्याला मिळायला नको का?"

ती खाली मान घालून टाके घालत राहिली. मी तिच्या हाताकडं बघत होतो, उगीच, काही सुचत नव्हतं म्हणून. सुई आत, बाहेर. एक तुकडा, जरा जागा, पुढचा तुकडा. कौदीच्या मधे दाट, कडेला विरळ. मग माझी नजर पुस्तकावर गेली. मग परत कौदीवर.

मागांचा आवाज चालू होता.

"लई दिवस लागले की तुमाला," महानंदा म्हणाली.

मी विचारलं ते भलतंच. "ही म्हातारी कोण?"

"म्हातारी न्हाय ती. अव्वा हाय माझी, आई. तवा तीस वर्साची होती." तिनं दोरा दातानं तोडला. "अप्पा वारले. मामा जेऊरला होता, नेतो म्हणला. आमी उतरलो. मामा काय आला न्हाय. दोन दिस तितंच बसलो. अव्वा झोपली, आणि कुत्र्यानं एक चप्पल नेली, लांब नेऊन टाकली. आणायला गेले असते तर तिला जाग आली असती. किती दिसांनी झोपलीती ती. मी बसून राहिले."

अठरा वर्षं झाली लग्नाला. मार्चात ती म्हणाली होती, लहान असताना गेलते. आणि मी गाठ मारत होतो.

"मग तू कुठं आहेस यात?" मी विचारलं. "तू तर चित्रात नाहीस."

"मीच तर बघतीया की."

मला रडू आलं. लपवलं नाही. तिनं कौदीचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "पुसा, पण शेंबूड लावू नका. गिऱ्हाइकाची हाय."

९ नोव्हेंबर

पत्र फाडून दुसरं लिहिलं. "उजवी बाजू माझी पत्नी महानंदा हिने काढली आहे. तिने चित्रकलेचे शिक्षण घेतलेले नाही. आपणांस हवी असलेली रेषा तिची आहे." वाचून दाखवलं तर म्हणाली, शिक्षणाचं कशाला लिवलं? मी ती ओळ खोडली. खोडलेलं तसंच पाठवलं. जाताना काशम्माबाईंकडं थांबून सगळं सांगितलं. ऐकताना त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "आणि मला वाटत होतं, चित्रं तुम्हीच पाठवलीत आणि लाजून बोलत नाही."

२८ नोव्हेंबर

उत्तर आलं. असं याआधी केलेलं नाही, म्हणतात. दोघांच्या हातचं एक चित्र करून पाठवा, बाजारपेठेचं असावं, ते पाहून तिन्ही पुस्तकांचं ठरवू.

मी लगेच कागद ताणला, मधली रेघ आखली, डावीकडं सरकून बसलो. महानंदानं कागद माझ्यापुढनं ओढून घेतला.

"आदी मी काढणार."

१ डिसेंबर

तीन दिवस तिनं मला खिडकीकडं येऊ दिलं नाही. नवी पेठेत दोनदा जाऊन आली, काही विकत न घेता. आज जेवणं झाल्यावर कागद माझ्यासमोर आणून ठेवला. मधे दुमडलेला. तिची बाजू खाली, आणि कडेनं चार टाके घालून शिवून टाकलेली. माझ्यासमोर नुसता कोरा अर्धा.

"अगं, मला दिसल्याशिवाय मी काय काढू?"

"दिसलं की तुमी तसंच काढताय."

घडीवरून इकडं सहा रेघांची टोकं तेवढी आली आहेत. दोन वर, तीन मधे, एक अगदी खाली. बाकी पांढरं. पेन्सिलीला टोक होतं, तरी पुन्हा केलं. ती समोर बसून शेंगा फोडत होती, माझ्याकडं बघत नव्हती. मी म्हणालो, निदान एवढं तरी सांग, यात माणसं किती आहेत. ती म्हणाली, मोजली न्हाईत.

सगळ्यात खालच्या टोकाला पेन्सिल लावली. ही रेघ कशाची आहे मला माहीत नाही. दोरी असेल, कुणाचा पदर असेल, शेपटी असेल. तिचा हात थांबला होता तिथून मी ती पुढं नेली.